मोमीनबाईंचा गुरुवार

सन १९९३ च्या जून महिन्यात कसबा पेठेतील एका मुलींच्या शाळेत पाच संगणक आले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी जे करणे आवश्यक होते ते सारे शाळेने यथासांग केले. दुसऱ्या मजल्यावरची भूगोलाची खोली रिकामी करण्यात आली, भिंतींना रंग लागला, खिडक्यांना जाड निळे पडदे लागले, दाराला पितळी कुलूप लागले आणि दाराबाहेर 'पादत्राणे येथे काढावीत' अशी पाटी लागली. शिवणाच्या मथुराबाईंनी आठवीच्या मुलींकडून पाचही यंत्रांना फुलाफुलांच्या कापडाची आवरणे शिवून घेतली. एवढे सगळे झाले. फक्त तिथे शिकायला कुणी येईना.

ही यंत्रे सांभाळण्यासाठी आणि शिकवण्यासाठी ज्यांची नेमणूक झाली होती, त्या मेहनाज मोमीन त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या. घर शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे. वडील दादामियाँ पुस्तकबांधणीचा व्यवसाय करीत. छापखान्यातून सुट्या कागदांचे गठ्ठे त्यांच्या ओसरीवर येत आणि पुस्तके होऊन बाहेर पडत. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून शिजवलेल्या खळीच्या वासातच मेहनाज लहानाची मोठी झाली. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणकाची पदविका मिळवली आणि पिंपरीच्या एका कारखान्यात दोन वर्षे संगणक विभागात काम करून, शिकवण्याची आवड म्हणून, या शाळेत आली. गल्लीतली मेहनाज शाळेच्या हजेरीपटावर 'मोमीनबाई' झाली, याचे सर्वांत मोठे कौतुक आई सुगराबींना होते. गल्लीतल्या कुणीही मेहनाज कुठे आहे असे विचारले की त्या म्हणत, "मोमीनबाई शाळेत गेल्यात."

नववीच्या मुलींना शिवण, चित्रकला आणि संगणक यांपैकी निदान एक विषय निवडायचा होता. संस्थेने अट घातली होती ती साधी आणि स्पष्ट: शनिवार, दिनांक २६ जूनपर्यंत संगणकासाठी वीस मुलींची नावे आली नाहीत, तर पाचही यंत्रे संस्थेच्याच मुलांच्या शाळेत हलवण्यात येतील. मुलांच्या शाळेने तसे मागणीपत्र आधीच पाठवून ठेवले होते. यंत्रे गेली की मोमीनबाईंची नेमणूकही संपणार, हे कुणी बोलून दाखवले नव्हते. पण ते न बोलताही सर्वांना ठाऊक होते.

"काय मोमीनबाई," शिक्षकांच्या खोलीत चहाचा कप खाली ठेवीत मथुराबाईंनी विचारले, "देवळात भाविक किती?"

"तेरा."

"तेरा? बरे आहेत की. आमच्या शिवणाला अठ्ठावन्न झाल्या. अर्थात आमच्याकडे चपला घालून बसता येतं, त्याचाही परिणाम असेल."

मथुराबाईंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार होती, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुलींनी त्या खोलीचे नाव गाभारा असे ठेवले होते. पालकांच्या मनात संगणकाविषयी जे होते ते आणखीच निराळे. एका वडिलांनी निरोप पाठवला, "टायपिंगच ना? ते बाहेर चार महिन्यांत शिकवतात." एका आईला भीती होती की पडद्याकडे पाहून डोळे जातील, चष्मा लागेल आणि पुढे स्थळे येताना अडचण होईल. एका आजीबाईंनी तर अत्यंत आस्थेने विचारले होते, "पत्रिका काढायला केव्हापासून शिकवणार?" कारण त्या काळी लक्ष्मी रस्त्यावर संगणकीय कुंडलीच्या पाट्या झळकू लागल्या होत्या आणि संगणक म्हणजे शनी-मंगळ सांगणारे यंत्र, एवढीच त्याची ओळख पुष्कळ घरांत पोचली होती.

मोमीनबाईंनी नववीच्या तिन्ही तुकड्यांत जाऊन व्याख्यान दिले. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले, चौकोनांना नावे दिली. मुली शिस्तीने ऐकत राहिल्या. शेवटी, "काही विचारायचंय?" असे म्हटल्यावर पूर्वा शेळके नावाची एक उंच, तरतरीत मुलगी उभी राहिली.

"बाई, यात दिवसभर एकटंच बसायचं असतं ना?"

"तसं नाही..."

"मग बोलायचं कुणाशी?"

वर्ग हसला. मोमीनबाईही हसल्या. पिंपरीच्या त्या दोन वर्षांत आपण हिशेबनिसांशी, भांडारातल्या लोकांशी, मुकादमांशी किती बोललो, किती भांडलो, आणि त्या बोलण्यातूनच काम कसे आकाराला आले, हे त्यांना पक्के आठवत होते. ते या मुलींना दिसेल असे सांगायचे कसे, एवढेच सुचेना.

त्या संध्याकाळी दादामियाँ ओसरीवर हाडाच्या पट्टीने कागद घडी करीत बसले होते. जून म्हणजे पाठ्यपुस्तकांची घाई. त्या घाईत खुद्द शाळेचा वार्षिक अंक मागे राहिला होता. त्याचे घडी घातलेले फर्मे कोपऱ्यात आठ ढिगांत पडून होते आणि मुख्याध्यापिका दामलेबाई रोज त्याची आठवण करून देत होत्या. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पाने. त्याची घडी घातली की पाने क्रमाने लागतात; असे आठ फर्मे एकावर एक ठेवून शिवले की अंक तयार.

"आज किती झाल्या?" मान वर न करता दादामियाँनी विचारले.

"तेराच, अब्बा."

"तू त्यांना सांगतेस तरी काय?"

"संगणक म्हणजे काय, त्याचे भाग कोणते, ते."

"वा! म्हणजे मी गिऱ्हाइकाला खळ कशी शिजवतात ते सांगायचं, आणि पुस्तक दाखवायचंच नाही."

मेहनाजला राग आला. बोलणे खरे असल्यामुळे जरा जास्तच आला. "दाखवणार आहे. गुरुवारी पालकसभा आहे. मुलीचं नाव टाकलं की तिच्या गुणांचा आलेख पडद्यावर येईल. दोन आठवडे बसून लिहिलंय मी ते."

"मग ठीक आहे," दादामियाँ म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

सभेसाठी गुरुवार निवडला तो दामलेबाईंनी, आणि पूर्ण विचाराअंती निवडला. कसब्यातले निम्मे पालक पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत कामाला. तिकडे साप्ताहिक सुटी गुरुवारची. म्हणजे वडील मंडळी घरी असणार. शिवाय वार गुरूचा, विद्येच्या कार्याला उत्तम. या निर्णयात चूक शोधूनही सापडली नसती. मात्र गुरुवारी कारखाने बंद असतात म्हणूनच वीज मंडळही दुरुस्तीची कामे त्याच दिवशी काढते, हे पुण्यात जन्म गेलेल्या त्या सबंध शिक्षकवृंदातील एकालाही त्या क्षणी आठवले नाही. वर्तमानपत्रात आदल्या दिवशी सूचना आली होती. मोमीनांच्या घरी वर्तमानपत्र येत असे, पण ते वाचून होण्याआधीच खळीच्या पातेल्याखाली अंथरले जाई; बुधवारचा अंकही तसाच गेला होता.

गुरुवारी सकाळी पावणेदहा वाजता पंखे मंदावत मंदावत थांबले. अकरा वाजता चाळीस-बेचाळीस पालक आणि त्यांच्या मुली दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, चपलांच्या ढिगाशेजारी, घाम पुशीत उभ्या होत्या. आत निळ्या पडद्यांमागच्या काळोखात पाच यंत्रे फुलाफुलांच्या आवरणांखाली निमूट बसली होती.

"काय बाई, द्येव झोपलाय काय?" पूर्वाचे वडील सर्जेराव शेळके यांनी मोठ्याने विचारले. सर्जेराव कारखान्यात लेथवर काम करीत. देह आडदांड, आवाज त्याहून. "आमचं लेथ बंद पडलं तर निदान कानस घिऊन हातानं तरी घासतो. ह्याचं काय करायचं?"

लोक हसले. दामलेबाई हळूच म्हणाल्या, "मोमीनबाई, सभा पुढे ढकलू या का?"

"कधी बाई? परवा यादी बंद होते."

"पेपरात आलं होतं म्हणे," मथुराबाईंनी मागून माहिती पुरवली.

मोमीनबाई आत गेल्या आणि त्यांनी एकामागून एक सगळे पडदे बाजूला सारले, खिडक्या उघडल्या. पडदे लागल्यापासून खोलीत प्रथमच ऊन आले.

"आत या सगळे. चपला घालूनच या."

"अहो मोमीनबाई, पाटी!" दामलेबाई म्हणाल्या.

"आज आत काही चालूच नाही बाई. धूळ कुणाला बाधणार?"

मग त्या सर्जेरावांकडे वळल्या. "शेळके, तुम्ही आणि पूर्वा माझ्या घरी जाऊन याल का? दोन गल्ल्या टाकून बांधणीवाले मोमीन विचारा. शाळेच्या अंकाचे आठ ढीग आहेत, ते घेऊन या."

सर्जेराव गठ्ठे खांद्यावर टाकून परतले, तेव्हा त्यांच्यामागून दादामियाँ जवळजवळ धावत आले. "हात धुतल्याशिवाय फर्म्याला कुणी शिवायचं नाही," हे त्यांचे या सभेतले पहिले वाक्य. चाळीस माणसे निमूट नळावर जाऊन हात धुऊन आली.

यंत्रे भिंतीशी सरकवून मधली टेबले जोडण्यात आली आणि त्यांच्या कडेने आठ ढीग मांडले गेले.

"आपल्याकडे एक गडी आहे असं समजा," मोमीनबाई म्हणाल्या. "तो थकत नाही, चिडत नाही, रजा मागत नाही. सांगाल ते तंतोतंत करतो. त्याच्यात खोट एकच. अक्कल अजिबात नाही."

"आमच्याकडे आहे एक असा," एक आई म्हणाली, "पण तो थकतो."

हशा ओसरल्यावर मोमीनबाईंनी गड्याचे काम सर्जेरावांना दिले आणि खडू पूर्वाच्या हाती. "गड्यानं काय करायचं ते फळ्यावर लिही. लिहिलेलं सोडून तो दुसरं काही करणार नाही."

पूर्वाने ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'टेबलाभोवती फिरा. प्रत्येक ढिगातून एक फर्मा उचला.'

सर्जेराव निघाले. एक, दोन, तीन... आठ. आठव्या ढिगापाशी ते थांबले नाहीत. पुन्हा पहिल्याकडे वळले. दुसरी फेरी झाली, तिसरी सुरू झाली, हातातला गठ्ठा फुगत चालला.

"अहो बाबा, थांबा ना!" पूर्वा ओरडली.

"थांबायचं कुठं लिवलंय?" सर्जेराव चालता चालता म्हणाले. "मला अक्कल न्हाई."

खोलीत हास्याचा स्फोट झाला आणि सगळ्या मुली फळ्याकडे धावल्या. 'आठ झाले की थांब' असे एकीने लिहिले. 'आणि खाली ठेव' असे दुसरीने. "कुठे ठेव? ते लिही की!" तिसरी म्हणाली. एका मुलीने मुद्दाम एक फर्मा उलटा ठेवला. गड्याने तो तसाच उलटा उचलला आणि पुन्हा आरडाओरडा झाला. आता चूक ओळखायची कशी, यावर वाद पेटला. तेव्हा दादामियाँना राहवले नाही. त्यांनी नीट लावलेले आठ फर्मे उचलून त्यांची पाठ मुलींसमोर धरली. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्याने एक लहान काळी खूण उमटवली होती, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडी खाली.

"हा जिना पाहा. फर्मे क्रमाने लागले की पायऱ्या उतरत जातात. पायरी मोडली की फर्मा चुकला. वाचावं लागत नाही, नुसतं बघायचं."

पूर्वाने लगेच लिहिले: 'जिना बघ. मोडला असेल तर ओरड.'

आतापर्यंत दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या मथुराबाई पुढे आल्या. "हे सगळं खरं, पण एका माणसाला एवढं फिरवता कशाला? आठ माणसं आठ ढिगांपाशी बसवा आणि हातचं पुढच्याला द्या. शिवणाच्या वर्गात बाह्या एकीनं, कॉलर दुसरीनं, असंच करतो आम्ही. आणि कापडाला कात्री लावायच्या आधी कागदावर बेततो, तसं हे फळ्यावर बेतताय तुम्ही. यात नवीन काय आहे?"

"काहीच नाही," मोमीनबाई म्हणाल्या. "हेच मी दोन आठवडे सांगायला बघत होते."

ओळ लागली. दीडशे अंकांचे फर्मे पाऊण तासात जुळले. मुली सूचना बदलत होत्या, पालक त्या पाळत होते, चुकले की मुली त्यांच्यावर ओरडत होत्या, आणि एरवी घरी ज्यांच्यापुढे आवाज निघत नसे त्या वडिलांना "तुम्ही विचार करू नका, लिहिलंय तेवढंच करा" असे सुनावत होत्या. पूर्वाचा घसा बसला. बोलायचं कुणाशी, हे तिने पुन्हा विचारले नाही.

सभा उठताना सर्जेराव मागे रेंगाळले. आता आवाजात थट्टा नव्हती.

"बाई, एक इचारू का? आमच्या कंपनीत गेल्या साली कॉम्प्युटरवालं लेथ आलं. तीन मानसं दुसरीकडं टाकली. उद्या माझा नंबर. आन् पोरीनं हेच शिकायचं?"

"त्या लेथला काय करायचं ते कोण सांगतं?"

"बंगलोरचे दोन सायेब आलते. आम्ही अठरा वर्सं लोखंड कापतोय, पण आमाला कुनी काय इचारलं न्हाई. पयल्याच दिवशी हत्यार मोडलं त्यांचं."

"म्हणजे गडी होता, सांगणारे होते, पण ज्याला काम कळतं तो सांगणाऱ्यांत नव्हता. तुमच्या घरातली मुलगी त्यांत असली तर?"

सर्जेरावांनी थेट विचारले, "नोकरीची खात्री देता?"

"नाही. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही."

"मग लिवा नाव," सर्जेराव म्हणाले. "खात्री देनाऱ्यांनी आजवर लई फशिवलंय."

त्यानंतर मोमीनबाईंनी पंचवीस वर्षे शिकवले. हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, संगणक शिकणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली, आणि ज्या घरांतून निरोप यायचे 'टायपिंगच ना?' त्याच घरांतून 'आमच्या नातीला प्रवेश मिळेल का?' अशा चिठ्ठ्या येऊ लागल्या. वातानुकूलित प्रयोगशाळा आल्या, यंत्रे कितीदा तरी बदलली. पण आपल्या विषयाची आठवण काढायची झाली की मोमीनबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती वीज गेलेली खोली, उघड्या खिडक्यांतून आलेले जूनमधले ऊन, नव्या छपाईच्या शाईचा वास, आणि ढिगांभोवती फिरणारी, एकमेकांना हसणारी माणसे. तेवढी गर्दी, तेवढा गोंगाट आणि तेवढा आनंद पुढे कुठल्याही पडद्यासमोर त्यांना पाहायला मिळाला नाही.

पण ते सारे पुढचे. त्या शनिवारी दुपारी बारा वाजता यादीत चोवीस नावे होती आणि तरीही प्रश्न सुटला नव्हता. दामलेबाईंनी चष्मा पुसून यादी दोनदा तपासली आणि लाल पेन्सिलीने पाच नावांवर खुणा केल्या.

"या पाचजणींनी शिवणही लिहिलंय आणि संगणकही. दोन्ही विषयांचा तास एकच. दोन विषय कसे घेणार? ही पाच नावं धरता येत नाहीत. राहिल्या एकोणीस."

"बाई, एकच तर कमी आहे," मोमीनबाई म्हणाल्या.

"एक कमी म्हणजेच कमी. नियम मी केलेला नाही, पण पाळायचा मलाच आहे."

दामलेबाईंनी आयुष्यात एकदाही हजेरीपटावर खाडाखोड केली नव्हती आणि ती करावी असे त्यांना सांगण्याची कुणाची छाती नव्हती. मोमीनबाईंनी यादी हातात घेतली आणि ती पाच नावे नुसती वाचत राहिल्या.

"वेळापत्रकाचा नियमही संस्थेचाच का हो?" कपाटाशी उभ्या असलेल्या मथुराबाईंनी, कात्रीला तेल देत, कुणाकडेही न पाहता विचारले.

"नाही. वेळापत्रक मी करते."

"मग माझा तास शनिवारी सकाळी सातला घाला. नाहीतरी शनिवारी झोप लागत नाही मला."

"सातला? मुली येतील?"

"माझ्या तासाला मुली येतात," मथुराबाई म्हणाल्या. "न येऊन जातात कुठे! त्या पाचजणींनी यंत्रापायी माझं शिवण सोडलं नाही, शिवणापायी यंत्रही सोडलं नाही. त्यांना अडवायचं, असं काही कुठल्या फळ्यावर लिहिलेलं नाही. आणि मोमीनबाई, आभार मानू नका. मला ते आवडत नाही."

दामलेबाईंनी वेळापत्रकाचा तक्ता मागवला, पट्टीने रेघ ओढून शिवणाचा तास हलवला, खाली तारीख घालून सही केली, आणि मगच लाल खुणा खोडरबराने काळजीपूर्वक पुसल्या. चोवीस.

"आता मुलांच्या शाळेला कळवलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "पत्र तुमच्या यंत्रावरच काढा. चालतंय ना आज?"

चालत होते. मोमीनबाईंनी एका यंत्राचे आवरण काढून बाजूला ठेवले आणि पत्र लिहिले. पहिल्या प्रतीत दामलेबाईंना एक स्वल्पविराम जास्त वाटला, दुसऱ्या प्रतीत समास कमी. तिसऱ्या प्रतीला संगणकाला जोडलेले छपाईयंत्र पुन्हा करकरू लागले, तेव्हा त्या आवाजाने शनिवारची शाळा सुटून घरी निघालेल्या मुली जिन्यातूनच परत फिरल्या आणि दाराशी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. कागद इंचाइंचाने वर सरकत होता.

"बाई, कुणाला पत्र?" पूर्वाने बसलेल्या घशाने विचारले.

"मुलांच्या शाळेला."

"काय लिहिलंय?"

मोमीनबाईंनी कागद फाडून, तो यंत्रात पुढे सरकावा म्हणून कडेला असलेल्या भोकांच्या पट्ट्या नीट अलग केल्या आणि पत्र तिच्या हाती दिले. पूर्वाने ते मोठ्याने वाचायला घेतले: आदरपूर्वक नमस्कार, आपले दिनांक अमुकचे मागणीपत्र पोचले, विद्यार्थिनींची संख्या चोवीस झाली असल्याकारणाने सदर यंत्रे आपल्याकडे पाठविण्याचे प्रयोजन उरलेले नाही, कळावे.

"म्हणजे नाही म्हणून सांगितलं?"

"अतिशय सभ्यपणे," दामलेबाई म्हणाल्या आणि त्यांनी सहीसाठी पेन उघडले.